फाकड्याची किंमत

“दात बघू,” असे म्हणत त्या तरुणाने आमच्या फाकड्याचा ओठ वर उचलला, आणि माझी परवानगी न घेता त्याच्या मांडीवर, पोटरीवर, पंजाच्या गादीवर बोटे दाबून पाहिली. बैलबाजारात दलाल पाहतात तसे. फाकड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात प्लास्टरमधून नुकताच सुटलेला आणि मांडीवर काठी आडवी.

“वय किती, आईसाहेब?”

“माझे की त्याचे?”

तो ओशाळून हसला. “त्याचं हो.”

“या आषाढात तीन पूर्ण होतील.”

“पळतो कसा?”

“कुत्रा आहे. चारी पायांनी पळतो.”

आत स्वयंपाकघरात गौरव्वा खुदकन हसलेली मला ऐकू आली. तरुणाने जीपच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवल्या आणि मूळ मुद्द्यावर आला.

“फुकट देणार म्हणाला जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. खरं का?”

“सरनोबतांच्या घरात कुत्रे विकत नाहीत,” मी म्हणाले. “मात्र अटी आहेत. ऐकून घे.”

मी अटींचा कागद उघडला. डाव्या हाताने लिहिलेला, म्हणून अक्षर वाकडे होते, परंतु मजकूर सरळ होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुत्र्याला मला भेटवण्यास आणावे. त्याला बरे नसल्यास प्रथम मला कळवावे. दिवसा साखळीने बांधू नये. नाव बदलू नये. आणि मी मनात येईल तेव्हा, न कळवता, त्याला पाहण्यास येईन. प्रत्येक अट अर्धी वाचून होण्यापूर्वीच तो “होय, होय” म्हणत होता. अट ऐकून न घेता होकार देणारा माणूस विश्वासाचा निघाल्याचे मी माझ्या सबंध आयुष्यात पाहिलेले नाही. मी त्याला गुरुवारी यायला सांगितले.

गुरुवारपर्यंत गौरव्वाने आपल्या भावाकडून सगळी माहिती काढली होती. हा इसम माळावर कुत्र्यांच्या चोरट्या शर्यती लावत असे. लोकांकडून चांगली जनावरे फुकट न्यायची, पळवायची, आणि दोनदा हरली की रात्री घाटात सोडून यायचे. गुरुवारी तो आला तेव्हा मी बाहेर गेले नाही. “कुत्रा दिला म्हणून सांग,” असे मी गौरव्वाला आतूनच सांगितले.

ही गोष्ट दोन हजार दहा सालची, गडहिंग्लजमधली. मी तेव्हा बाहत्तर वर्षांची होते. आमचे यजमान, रावसाहेब, जाऊन सव्वा वर्ष झाले होते. थोरला मुलगा उदयसिंह पुण्यात, धाकटा कॅनडात. बंगल्यात मी, सकाळी येऊन चार वाजता जाणारी गौरव्वा, आणि फाकडा. तो कारवानी जातीचा शिकारी कुत्रा. लांब पाय, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर, रंग गव्हाच्या कोंड्यासारखा. या घराण्याने चार पिढ्या सांभाळलेल्या वंशातला तो अखेरचा. रावसाहेबांनी त्याला वाढवले, आणि त्यांच्या मागे मी. माघ महिन्यात त्याने कुंपणापलीकडे मुंगूस पाहिले. साखळी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती. तो झेपावला आणि मी पडले. मनगट मोडले आणि खुब्याला तडा गेला. अशा कुत्र्याला दिवसातून दोन कोस मोकळे पळावे लागते. मला फाटकापर्यंत जाण्यास काठी लागत होती. वैशाख वद्य पंचमीला कोल्हापूरला खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर सहा आठवडे मी घरी नसणार होते. त्यापूर्वी फाकड्याला घर मिळणे आवश्यक होते. हातात सतरा दिवस होते.

उदयसिंहाचा फोन आला तेव्हा मी जीपवाल्याची हकिकत त्याला सांगितली.

“आई, तू किंमत लाव. फुकट म्हटलं की असलेच लोक येतात.”

“कन्यादानाला कोणी किंमत लावते का?”

“कुत्रा आहे गं तो.”

“तुझ्या आजोबांनी दीडशेच्या वर पिल्ले दिली. एकाचाही पैसा घेतला नाही.”

“आजोबांची गोष्ट वेगळी. आज इंटरनेटवर असल्या कुत्र्याला लोक बारा-चौदा हजार मोजतात. पैसे मोजलेला माणूस जनावर घाटात सोडत नाही.”

“मग तूच ने त्याला. चौदा हजार वाचतील.”

“आमच्या सोसायटीत चालत नाही, आई. तुला किती वेळा सांगितलं.” थोडे थांबून तो म्हणाला, “तू मात्र ये. तुझी खोली तयार आहे.”

“मी चालते का सोसायटीत?” असे विचारून मी फोन ठेवला.

मुलाला जे कळत नव्हते ते मला पक्के ठाऊक होते. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामासाहेब म्हणत असू, त्यांच्या काळापासूनची ही रीत होती. पिल्लू नेणाऱ्याने एक नारळ आणायचा, मामासाहेबांनी तो देवापुढे ठेवायचा, आणि पिल्लू त्याच्या ओंजळीत द्यायचे. पैशाचा शब्दही निघत नसे. पैसा घेतला की संबंध तिथेच संपतो. विकलेल्या म्हशीच्या गोठ्यात जाऊन कोणी तिची विचारपूस करत नाही. दिलेल्या लेकीच्या घरी मात्र आपण हक्काने जातो. पिल्लू ज्या घरी गेले ते घर आमचे झाले, अशी ती रीत होती, आणि मला तिचा अभिमान होता. मला कुत्र्याच्या बदल्यात काहीच नको होते. महिन्यातून एक रविवार आणि एखाद्या अनोळखी घरी न विचारता जाऊन बसण्याचा अधिकार, एवढेच माझे मागणे होते. हे मागणे किती मोठे होते हे मला मंगळवारी सकाळी कळले.

त्या सकाळी फाटकातून एक मनुष्य पायी आला. साठीच्या आतला, कृश, डोक्याला पांढरी टोपी, अंगात इस्त्री केलेला शर्ट. त्याने मला नमस्कार केला, परंतु कुत्र्याकडे पाहिलेही नाही. अंगणाच्या मध्यावर येऊन, फाकड्याकडे पाठ करून, तो उकिडवा बसला आणि स्वस्थ राहिला. फाकडा आधी गुरगुरला. मग लांबून वास घेतला. मग जवळ आला. पाच मिनिटांनी त्याने आपले लांबोळके तोंड त्या माणसाच्या काखेखालून पुढे काढले. मनुष्य जाणता होता.

“नाव काय तुझे?”

“भरमाण्णा. हिरेवाडीचा. एस.टी.च्या वर्कशॉपात होतो, गेल्या साली रिटायर झालो. आता वावरातच घर बांधलंय. मालकीण गेली, लेक सासरी. जनावरांच्या डाक्टरांनी सांगितलं, आईसाहेब कुत्रा द्यायच्यात.”

हिरेवाडी! ते आमच्या इनामातले गाव होते. मला मनापासून आनंद झाला. “मग आमची रीत तुला सांगायला नकोच,” मी म्हणाले. “तुमच्याच गावचा सिद्दू नाईक. मामासाहेबांनी त्याला पिल्लू दिले होते, मी लग्न होऊन आले त्याच साली. काय माणूस! शिकारीला हाका घालायला सगळ्यांच्या पुढे. दसरा म्हणू नकोस, लग्नकार्य म्हणू नकोस, बावीस वर्षे न बोलावता येत होता. मागच्या अंगणात सबंध दिवस लाकडे फोडायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. आमच्या घरचाच होऊन गेला होता. त्याला म्हणतात संबंध. पैशाने मिळतो का?”

भरमाण्णा फाकड्याच्या कानामागे खाजवत राहिला.

“अटी आधी ऐक,” मी म्हणाले आणि कागद वाचला. हा मनुष्य एकाही अटीला होय म्हणाला नाही. पाचवी संपली तेव्हा त्याने विचारले, “आणि पैसे किती?”

“पैसे नाहीत. नारळ आण.”

“मग न्हाई जमायचं, आईसाहेब.”

“का?”

“फुकट न्यायचं न्हाई मला. किंमत सांगा.”

“अरे, आताच काय सांगितले मी तुला? त्या सिद्दूला विचारले असतेस तर...”

“त्यो माझा बा,” भरमाण्णा म्हणाला.

फाकडा त्याच्या पायाशी आडवा झाला होता. मी काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

“मग तर तू घरचाच,” मी म्हणाले.

“बोलू का जरा? राग न्हाई ना धरायचा?”

“बोल.”

“बा न बोलावता येत नव्हता, आईसाहेब. पाटलाचा माणूस यायचा दारात. ‘सिद्द्या, सरनोबतांचं कुत्रं खातंय न्हवं तुझ्यात? चल.’ एवढंच म्हणायचा. मग भात लावणी असू दे, अंगात ताप असू दे. माझ्या थोरल्या भणीच्या हळदीदिवशी तुमच्याकडं कलेक्टर आला हुता शिकारीला. बा गेला. हळद लावायला बाप न्हाई म्हणून चुलत्यानं लावली. परत आला तवा वऱ्हाड जेवून झोपलेलं. आमच्या आयनं त्या दिवशी कुत्र्याला चुलीतल्या लाकडानं हाणलं. कुत्र्याचा काय दोष हुता?”

भरमाण्णा फाकड्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

“लय गुणी कुत्रं हुतं ते. मी त्याच्याच अंगावर लोळत थोरला झालो. पण कुणी विचारलं, कुणाचं रं कुत्रं, की बा म्हणायचा, ‘सरनोबतांचं.’ आमच्यात खाऊन, आमच्यात निजून, सरनोबतांचं. चार वर्सांनी डुकरानं फाडलं त्याला. आम्ही पुरलं. पर बोलावणं काय थांबलं न्हाई. कुत्रं मेलं, आईसाहेब. कुत्रं दिल्यालं काय मेलं न्हाई. बा मरूस्तोर तुमची लाकडं फोडत हुता.”

“तो खुशीने येत होता,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“आसंल,” तो शांतपणे म्हणाला. “मला मात्र तसलं एक कुत्रं माझं म्हणून पाळायचंय. एकदा. कुणी विचारलं तर माझं म्हणून सांगायचंय. म्हणून किंमत सांगा.”

“ऊठ,” मी म्हणाले. “माझ्या दारात बसून माझ्या सासऱ्यांविषयी असे बोलण्याची आजवर कोणाची छाती झाली नाही.”

तो उठला. टोपी सारखी केली, नमस्कार केला. “बोललो ते खरं बोललो. येतो.” फाकडा त्याच्यामागून फाटकापर्यंत गेला. मी हाक मारली तेव्हा परत आला. पण हाक मला दोनदा मारावी लागली.

दुपारी गौरव्वा व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. तिची आई आमच्याकडे स्वयंपाकाला होती, त्यामुळे या घराचे तिला सर्व ठाऊक. मी विचारले, “गौरव्वा, सिद्दू नाईक आठवतो तुला?”

“आठवतोय की. मागल्या अंगणात असायचा.”

“तो खुशीने येत होता ना?”

ती मेथीची पाने खुडत राहिली.

“मी काही विचारले.”

“आईसाहेब,” ती मान वर न करता म्हणाली, “तुम्ही विचारल्यावर न्हाई कोण म्हणणार?”

“म्हणजे तू आजवर मला जे सांगत आलीस, तेही असेच?”

“मला पगार हाय की,” गौरव्वा म्हणाली. “मी खरं सांगती.”

इतर कोणत्याही दिवशी मी तिला या उद्धटपणाबद्दल सुनावले असते. त्या दिवशी मी अटींचा कागद पुन्हा काढून वाचला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणावे. प्रथम मला कळवावे. न कळवता येईन. अक्षर माझे होते, पण हे वाचताना मला पाटलाच्या माणसाचा आवाज ऐकू येत होता. आणि तरीही, खरे सांगायचे तर, तो कागद फाडावा असे मला वाटले नाही. तो फाडला तर पहिल्या रविवारी माझ्या फाटकातून येण्याचे कारण जगात कोणाकडेच उरणार नव्हते.

आणखी सहा दिवस गेले. दोन माणसे येऊन पाहून गेली. एकाला राखणीला हवा होता आणि त्याने साखळी सोबतच आणली होती. दुसऱ्याची बायको फाकड्याला पाहून जीपमधून उतरलीच नाही. सोमवारी मी उदयसिंहाला फोन करून एवढेच विचारले, “नक्की किती म्हणाला होतास?”

“काय किती?”

“असल्या कुत्र्याचा आजचा भाव.”

“चौदा हजारांपर्यंत. का गं? विकणार?”

“नक्की विचारून सांग. अंदाज नको.”

त्याने विचारून सांगितले. मी गौरव्वाच्या भावाबरोबर हिरेवाडीला निरोप पाठवला.

भरमाण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. फाकड्याने त्याला फाटकाशीच गाठले. तो पायरीजवळ उभा राहिला. मी त्याला समोरची खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

“आधी व्यवहार होऊ दे,” तो म्हणाला.

“चौदा हजार,” मी म्हणाले.

गौरव्वा चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. “अगं बाई! आईसाहेब, पेन्शनीतला माणूस त्यो. पाचशे एक घ्या आणि द्या की.”

“तू मध्ये बोलू नकोस. पाचशे एक घेतले तर उरलेले साडेतेरा हजार कोण फेडणार? ह्यांची नातवंडे, माझी लाकडे फोडून?” मी भरमाण्णाकडे वळले. “बाजारभाव चौदा हजार आहे. मी मुलाकडून खात्री करून घेतली आहे. एक रुपया अधिक नाही, एक रुपया कमी नाही. तुम्हाला परवडत नसेल तर तसे सांगा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. गडी-माणसांनी माझ्याकडे असे थेट पाहण्याची मला सवय नव्हती. पण मीही नजर काढली नाही.

“मला वाटलं हुतं, सव्वा रुपाया मागशीला,” तो म्हणाला.

“मागितला असता तर?”

“चा पिऊन गेलो असतो माघारी.” मग तो पहिल्यांदाच हसला. “चौदा हजार म्हणजे लय झालं बगा. पर भाव रास्त हाय. शनवारी येतो.”

आणि मग तो खुर्चीत बसला आणि त्याने चहा घेतला.

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात नवा सुती दोर होता. गौरव्वा माझ्या कानाशी लागली, “आपली साखळी देऊ नका. जनावर विकलं की दावं आपल्यात ठेवायचं असतंय.” तिने हे सांगण्याची गरज नव्हती. त्यालाही ती रीत ठाऊक होती, म्हणूनच तो आपला दोर घेऊन आला होता. त्याने पाकीट माझ्यासमोर ठेवले.

“एक लिहून द्या, आईसाहेब. साधंच. मी विकत घेतला म्हणून.”

मी दौत-टाक वापरणारी बाई. त्या दिवशी बोटे नीट वळत नव्हती म्हणून बॉलपेन घेतले. ‘फाकडा नावाचा कारवानी कुत्रा, वय तीन वर्षे, श्री. भरमाण्णा सिद्दाप्पा नाईक, राहणार हिरेवाडी, यांस योग्य किंमत घेऊन विकला.’ इतके त्याने मागितले होते. त्याखाली आणखी एक वाक्य मी स्वतःहून लिहिले: ‘यापुढे त्याच्यावर माझा कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला नाही.’ सही केली, तारीख घातली.

त्याने कागद सावकाश, ओठ हलवत वाचला. खालच्या वाक्याशी आल्यावर थांबला. पुन्हा वाचले. घडी करून खिशात ठेवताना तो म्हणाला, “आणि त्या पाच अटी?”

“विकल्या जनावराला अटी नसतात.”

“नाव तेवढं ठेवीन मी. चांगलं हाय.”

“तुमची मर्जी.”

त्याने मोकळा दोर फाकड्याच्या गळ्यात अडकवला. मी खुर्चीतून उठले नाही. उठले असते तर कुत्रा निघाला नसता, आणि खुब्यामुळे मला पटकन उठताही येत नव्हते. दोन्ही कारणे खरी आहेत. फाटकापाशी फाकडा थांबला आणि त्याने मागे वळून पाहिले. हाकेची वाट पाहत होता. मी समोरच्या जास्वंदीकडे पाहत राहिले. भरमाण्णाने दोर ओढला नाही. तोही थांबला. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग पावले वाजली आणि फाटकाची कडी पडली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. उदयसिंह आणि सूनबाई आळीपाळीने येऊन राहिली. ज्येष्ठाच्या अखेरीस मी घरी आले. मुलाने पुन्हा पुण्याचा विषय काढला, मी पुन्हा नाही म्हणाले, आणि त्याची गाडी गेल्यावर बंगल्यात जी शांतता झाली तशी मी त्यापूर्वी कधी अनुभवली नव्हती. रावसाहेब गेले तेव्हाही नाही. चार वाजता गौरव्वा दार लोटून गेली की दुसऱ्या दिवशी ती येईपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे. मी जन्मभर माणसांना कामे सांगत आले होते. आता सांगायला कुत्रेही नव्हते. एकदा तिन्हीसांजेला दिवा लावून परतताना मी सवयीने मोठ्याने “बस!” म्हणाले, आणि मग मीच खुर्चीत बसले.

एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, “हिरेवाडीला जाऊन यायचं का? माझी गाडी जातेच आहे तिकडे.” मी म्हणाले, मला तिकडे काही काम नाही. गौरव्वाचा भाऊ आठवड्यातून दोनदा त्या गावावरून येई. त्यालाही मी कधी काही विचारले नाही. तो आपणहून काही सांगू लागेल या भीतीने मी त्याच्यासमोर पोथी उघडून बसत असे. मी लिहून दिले होते. सरनोबतांच्या घरातून सही होऊन गेलेला कागद कधी खोटा ठरला नव्हता.

दिवाळी झाली. मुले आली आणि गेली. कार्तिक सरत आला असताना एका दुपारी फाटक वाजले. भरमाण्णा आत येत होता, एकटाच. मी घाईने काठी घेऊन उठले.

“काय झाले?”

“काय न्हाई.”

“परत द्यायचा आहे का? पैसे तयार आहेत.”

“छे छे.”

“मग काही काम होते?”

“काम न्हाई, आईसाहेब. बाजाराला आलतो. म्हटलं, या वाटेनं जावं. असंच.”

असंच! त्या घरात मी बावन्न वर्षे काढली होती. माणसे नजराणे घेऊन आली होती, अर्ज घेऊन आली होती, निमंत्रणे, तक्रारी, मयताच्या चिठ्ठ्या घेऊन आली होती. बोलावणे गेले म्हणून आली होती. असंच कोणी आल्याचे मला आठवेना. गौरव्वा गावाला गेली होती. चहा मी स्वतः केला. साखर जास्त झाली. तो काही बोलला नाही.

तो खुर्चीत ऐसपैस बसून बोलत राहिला. उसाला तोड लवकर आली. जावयाने मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ओढ्यात घातली. वर्कशॉपातल्या जुन्या साहेबांना अर्धांगवायू झाला. मी “बरे,” “असे का,” “अरेरे” म्हणत होते. चहा संपला. त्याच्या शर्टाच्या बाहीला गव्हाच्या कोंड्यासारख्या रंगाचे दोन केस चिकटले होते. मी तिकडे पाहायचे नाही असे ठरवले होते.

बोलता बोलता तो थांबला.

“विचारा की, आईसाहेब.”

“काय विचारू?”

“आल्यापास्नं बगतोय. तोंडापतोर येतंय तुमच्या, आन् गिळताय.”

“मी लिहून दिले आहे, भरमाण्णा. माझा हक्क नाही.”

“मग हक्कानं इचारू नका,” तो म्हणाला. “नुसतं इचारा.”

मुलांना, सुनांना, गड्यांना, कुळांना मी आयुष्यभर प्रश्न विचारले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला उत्तर देणे भागच होते. समोर बसलेला हा मनुष्य उत्तर न देता टोपी घालून निघून जाऊ शकत होता. मला कसे विचारायचे ते सुचेना.

“कसा आहे?” मी विचारले.

भरमाण्णाने कप खाली ठेवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

“पयले चार दिवस जेवला न्हाई,” तो म्हणाला, आणि सांगू लागला.